आधी ओहोटी बघा, मग बूट बांधा: समुद्रकाठी आणि आतल्या वाटांवर पळायची सुरुवात

रस्त्यावर पळणाऱ्याने वाट एकदा ठरवली की ठरली. तीच पाच किलोमीटरची फेरी उद्याही तिथेच असते आणि पुढच्या महिन्यातही. किनाऱ्यावर तसं होत नाही. आज सकाळी साडेसहाला जी रुंद, टणक पुळण पायाखाली होती, तिच्यावर पुढच्या आठवड्यात त्याच वेळी कमरेएवढं पाणी असू शकतं. म्हणून समुद्रकाठी नव्याने पळायला लागलेल्याने ‘कुठे पळू’ याच्या आधी ‘कधी पळू’ हे विचारायला हवं. आणि त्याला लागूनच, ‘परत कुठून येऊ?’

मला हे उशिरा कळलं. सुरुवातीच्या दिवसांत एकदा एका ओढ्याचं तोंड ओलांडून पुढे गेलो होतो. जाताना पाणी घोट्याच्याही खाली होतं. पुढे चार किलोमीटर पळालो, थोडा वेळ बसलो, परत फिरलो. सव्वा-दीड तासाने तिथे पोचलो तेव्हा तोच ओढा मांडीपर्यंत चढला होता आणि लाटा आत घुसत होत्या. मी तो ओलांडला नाही. आतल्या रस्त्याने सात किलोमीटर चालत परतलो. पाणी संपलेलं, ऊन वर आलेलं. त्या सात किलोमीटरमध्ये जे मनाशी ठरवलं, तेच इथे क्रमाने सांगतो आहे.

सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं न थांबता पळता येतं, पण वाळू, कडे आणि शेतातल्या वाटा नवीन आहेत, अशा माणसासाठी हे आहे. तेवढंही अजून जमत नसेल तर आधी साध्या रस्त्यावर दोन महिने काढा. समुद्र कुठे जात नाही.

पहिली पायरी: भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायला शिका

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीनंतर पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे ती वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तेवढ्यात चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला हा वेळ लागतो.

याचा पळणाऱ्याला काय उपयोग? या रविवारी सकाळी सातला पूर्ण ओहोटी असेल, तर सात दिवसांत वेळ जवळजवळ सहा तास सरकलेली असते. म्हणजे पुढच्या रविवारी सकाळी सातला भरती. आणखी एक आठवडा गेला की पुन्हा सातच्या आसपास ओहोटी. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी पळणाऱ्याला पुळण एक आठवडा सोडून एक आठवडा मिळते. हे पंधरवड्याचं गणित एकदा अंगवळणी पडलं की महिन्याचा सराव आपोआप आखला जातो: ओहोटीच्या रविवारी वाळू, भरतीच्या रविवारी आतल्या वाटा.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, बऱ्याच ठिकाणी त्यानंतर एक-दोन दिवसांनी, सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन उधाण होतं. पाणी खूप वर चढतं आणि खूप खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती येते, तेव्हा चढउतार कमी असतो. उधाणाच्या ओहोटीला सर्वांत रुंद पुळण मिळते, पण तिथेच पाणी परतही सर्वांत वेगाने येतं. नवख्याने पहिले काही दिवस भांगाच्या आसपासचे निवडावेत. पुळण थोडी अरुंद मिळेल, पण समुद्र चुकीला सवड देईल. आणखी एक बारकावा: एकाच ठिकाणी उधाणातली ओहोटी नेहमी साधारण त्याच घड्याळी वेळेला येते. तुमच्या किनाऱ्यावर ती दुपारी बाराला येत असेल, तर सकाळी सहाची ओहोटी नेहमी भांगाचीच असणार.

आता सर्वांत कामाचं, खलाशी वापरतात तो बारा हिश्शांचा नियम. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सुमारे सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बारापैकी एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा ओहोटी सकाळी ७ वाजता आहे आणि भरतीपर्यंत पाणी ३.६ मीटर चढणार आहे. मग ७ ते ८ मध्ये ते फक्त ३० सेंटिमीटर चढेल, ८ ते ९ मध्ये ६० आणि ९ ते १० मध्ये ९० सेंटिमीटर. आकडा छोटा वाटतो. पण दर ५० मीटरला १ मीटर उतार असलेल्या पुळणीवर ९० सेंटिमीटर चढ म्हणजे पाण्याची कड ४५ मीटर आत आली. ज्या पट्ट्यावरून तुम्ही गेलात तो परतताना उरलेलाच नसतो, आणि हे इतकं शांतपणे होतं की पळण्याच्या नादात लक्षातही येत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. पूर्ण ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधी वाळूवर उतरायचं आणि ती वेळ होईपर्यंत वाळूवरून बाहेर पडायचं. पाणी उतरत असताना पळायचं, चढत असताना नाही. थोडा उशीर झालाच तर पुढचा संथ अर्धा-पाऊण तास हाताशी राहतो.

बारा हिश्शांचा नियम अंदाजाचा आहे, आपल्या किनाऱ्याचं कोष्टक पाहिल्याशिवाय वापरायचा नाही. काही ठिकाणी दिवसात एकच भरती येते. भूमध्य समुद्राच्या बहुतेक काठांवर चढउतार अगदी किरकोळ असतो, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो सुमारे १६ मीटरपर्यंत जातो. कोष्टकातले आकडे शांत हवामान धरून काढलेले असतात हेही लक्षात ठेवा. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येतं, आणि किनाऱ्याकडे वाहणारा जोराचा वारा त्यात आणखी भर घालतो. वादळाची सूचना असेल त्या दिवशी कोष्टकावर विसंबून वाळूवर उतरू नये.

दुसरी पायरी: जायची वाट एक, यायची दुसरी

नकाशा उघडा. उपग्रहाच्या चित्रात पुळण ऐसपैस दिसेल, पण ते चित्र कोणत्या वेळी टिपलंय हे तुम्हाला माहीत नसतं. ओहोटीला टिपलेलं असेल तर जिथे तुम्ही वाट आखताय तिथे दिवसातले कित्येक तास पाणीच असतं. चांगल्या भूरूप नकाशांवर भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा अशा दोन वेगळ्या रेषा असतात. दोन्हींमधला पट्टा म्हणजे समुद्राकडून उसना घेतलेला रस्ता. भरतीरेषेच्या वर जे कोरडं उरतं तेवढंच कायमचं.

मग वाट आखताना ही चार कामं करा:

१. पुळणीवरून वर जाणाऱ्या सगळ्या वाटा शोधून खुणा करा: पायऱ्या, उतार, बांध, पायवाटा. दोन वाटांमध्ये एक किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर तो तुकडा सुरुवातीला वगळा.

२. ओढ्यांची आणि खाड्यांची तोंडं शोधा. जे तोंड ओलांडल्यावर पलीकडून आत यायला दुसरी वाट नाही, ते ओलांडायचं नाही.

३. समुद्रात घुसलेली टोकं शोधा. त्यांना खालून वळसा घालायचा मोह होतो. टोकापलीकडच्या खोलगट पुळणीला आतून वाट नसेल तर ती सापळा आहे. पाणी आधी दोन्ही टोकांना लागतं आणि मधला माणूस अडकतो.

४. परतीची वाट किनाऱ्यापासून आत, रस्त्याने किंवा शेतांमधून आखा.

चौथं काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. समुद्रावरून जायचं आणि जमिनीवरून यायचं. बरेच जण वाळूवरूनच जाऊन-येऊन करतात, कारण ते सोपं वाटतं. पण त्यात त्याच पट्टीची दोनदा गरज पडते आणि दुसऱ्यांदा नेमकं पाणी चढत असतं. वर्तुळाकार वाटेत समुद्राचा भाग आधी, ताज्या पायांनी आणि उतरत्या पाण्यात उरकतो. उरलेला भाग कितीही रेंगाळत केला तरी चालतो.

तिसरी पायरी: पहिली फेरी चालत

नवी वाट आधी चालून या. हा सल्ला कोणी पाळत नाही आणि मी मात्र प्रत्येकाला तोच देतो. चालताना दिसतं की नकाशावरच्या पायऱ्यांमधली शेवटची पायरी वाहून गेलीय, शेतातली वाट काट्यांच्या कुंपणाशी संपते, ओढ्याच्या तोंडाशी पाय पोटरीपर्यंत रुततो. भरतीने काल कुठवर मजल मारली होती तेही वाळूवर लिहिलेलं असतं: शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांची एक वेडीवाकडी रेघ. ती रेघ कड्याला किंवा भिंतीला चिकटलेली असेल, तर भरतीला तिथे उभं राहायलाही जागा नसते.

चौथी पायरी: वाळू ओळखा

वाळू सगळीकडे सारखी नसते. तिच्यावर पळण्याची निम्मी कला योग्य पट्टा निवडण्यात आहे.

कोरड्या, भुसभुशीत वाळूत प्रत्येक पावलाला वाळू मागे सरकते आणि लावलेला जोर तिच्यातच जिरतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मऊ वाळूवर पळायला कठीण जमिनीवरच्या तुलनेत सुमारे १.६ पट ऊर्जा लागते असं मोजलं गेलं. म्हणजे रस्त्यावर पाच किलोमीटर सहज जमतात म्हणून मऊ वाळूत पाच ठरवलेत, तर शरीराच्या हिशेबाने ते आठ होतात. नवख्याने वाळूवर किलोमीटर मोजू नयेत, मिनिटं मोजावीत. पेसकडे, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेकडे, बघू नये. बोलता येईल इतक्या दमाने पळावं आणि बोलणं तुटलं की चालावं.

हवा असतो तो मधला ओलसर पट्टा, नुकतंच पाणी उतरलेला. तिथे कणांमध्ये थोडं पाणी असतं आणि ते कणांना एकमेकांशी बांधून ठेवतं. ओळखायची खूण फार सुंदर आहे. पाऊल टेकवलं की त्याच्याभोवती क्षणभर वाळू फिकी, कोरडी झाल्यासारखी दिसते. खरं तर दाबामुळे घट्ट बसलेले कण थोडे विस्कटतात, मधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं होतं. पावलाभोवती असं फिकं वलय दिसलं की समजा, वाळू घट्ट बसलेली आहे. पावलाचा ठसा उथळ आणि कडा स्पष्ट, हीही चांगली खूण. ठशात पाणी साचून कडा ढासळत असतील तर थोडं वर सरका. ठसा खोल आणि बेढब येत असेल तर थोडं खाली.

पाण्याच्या अगदी कडेला एक अडचण असते, उताराची. समुद्र डाव्या हाताला असेल तर डावा पाय सतत खाली पडतो आणि उजवा वर. वीस मिनिटांत काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा कमरेच्या एका अंगाला दुखतं. ओहोटीला पुळणीचा खालचा भाग बहुधा जास्त सपाट असतो, तो निवडा. वर सांगितलेल्या वर्तुळाकार वाटेत वाळूवरून एकाच दिशेने जाणं होतं, म्हणून पुढच्या वेळी वाळूच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करून तीच वाट उलट्या दिशेने घ्या, म्हणजे दोन्ही पायांचा हिशेब सारखा होतो.

अनवाणी पळावं का? पळावं, पण शेवटच्या पाच मिनिटांपुरतं, आणि तेही जिथे काचा आणि धारदार शिंपले नाहीत हे आधी पाहिलंय तिथेच. बुटांची टाच थोडी उंच असते. ती अचानक काढून घेतली की पोटरीवर आणि टाचेमागच्या अकिलीजवर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीवर, नवा ताण येतो. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागे धरल्यासारखं वाटलं, तर दोन आठवडे पुन्हा बुटात.

खाडीच्या तोंडाशी काळपट, चकाकणारा चिखल दिसला की मात्र तिथे पायच ठेवू नका. वरून तो ओल्या वाळूसारखा दिसतो आणि आत गुडघाभर खोल असतो.

पाचवी पायरी: खडक, कडे, लाटा

हे थोडक्यात, पण काटेकोरपणे.

हिरवी शेवाळ चढलेला खडक निसरडा असतोच, काळी ओली झाक असलेलाही तितकाच निसरडा. खडकावर पळायचं नाही, चालायचं. कड्याच्या पायथ्याशी थांबायचं नाही, विशेषतः मोठ्या पावसानंतर. खाली ताजी माती किंवा नव्या कडांचे दगड पडलेले दिसले तर लगेच परत फिरा. वरच्या वाटेने पळताना कडेपासून काही मीटर आत राहा. कड खालून पोखरलेली असू शकते आणि वाऱ्याचा झोत सांगून येत नाही. लाटांकडे पाठ करून उभं राहू नका. समुद्र दहा मिनिटं शांत असला तरी मध्येच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा बरीच वर येते.

वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही. तोल जायला तेवढं पुरतं.

सहावी पायरी: वारा आणि ऊन

दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला आत येते. हे खारे वारे. हवा स्वच्छ असेल तर उशिरा सकाळी सुरू होतात आणि दुपारनंतर जोर धरतात. रात्री उलटं होतं, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि पहाटे ते सहसा मंद असतात. म्हणून सूर्योदयाच्या आसपासचा तास-दीड तास पळायला सर्वांत शांत. त्यात ओहोटी जुळली तर त्या दिवसासारखा दिवस नाही.

वारा किनाऱ्याच्या लांबीने वाहत असेल तर आधी वाऱ्याला तोंड देत जा आणि येताना तो पाठीवर घ्या. समोरचा वारा जेवढं घेतो तेवढं पाठीवरचा वारा परत देत नाही, म्हणून दमायच्या आधी समोरचा भाग उरकलेला बरा. कॅलिफोर्नियात १९८६ पासून होणारी बिग सर मॅरेथॉन समुद्राच्या कड्यांवरून जाते. तिच्यातल्या एका चढाच्या माथ्याला हरिकेन पॉइंट म्हणतात, आणि हे नाव तिथल्या वाऱ्याने कमावलेलं आहे. तिथे अनुभवी धावपटूही वेळेचा हट्ट सोडून अंग थोडं झुकवून, पावलं आखूड करून जातात. तुम्हीही तेच करा.

पाठीवरच्या वाऱ्यात एक धोका लपलेला असतो, तो फारसा कोणी सांगत नाही. तुम्ही ताशी दहा किलोमीटरने पळताय आणि वाराही मागून ताशी दहाने येतोय, तर तुमच्या अंगाला वाराच लागत नाही. घाम वाळत नाही, शरीर तापत जातं. जाताना गार वाटलं म्हणून पाणी प्यायला विसरलेला माणूस येताना अशाच ठिकाणी चक्कर येऊन बसतो. किनाऱ्यावर हवाही दमट, त्यामुळे घाम नुसता निथळतो. गरगरणं, मळमळ, अंगावर काटा किंवा विचार धूसर होणं, यातलं काहीही जाणवलं तर पळणं तिथेच थांबवून सावली गाठा, डोकं-मान ओली करा. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात असू शकतो. त्याला लगेच गार करायला लागा आणि मदत बोलवा.

पाणी अर्धा लिटर तरी बरोबर ठेवा, कारण समुद्रकाठी गोडं पाणी हवं तिथे मिळत नाही. तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी घटाघटा पिऊ नये, लांब पळताना नुसतं पाणी अती प्यायल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक उतरतं.

उन्हाचं सांगायचं तर ते फक्त वरून येत नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. टोपी घातली तरी हनुवटीखाली, नाकपुड्यांशी, गुडघ्यांमागे त्वचा भाजते ती त्यामुळे. मलम तिथेही लावा.

सातवी पायरी: आतल्या वाटा

किनाऱ्याची ओढ असणारे आतल्या भागाला दुय्यम मानतात. मला तसं वाटत नाही. वाळूवर तासभर समोर एकच क्षितिज असतं, तर आत वळलं की दर दोन मिनिटांनी काहीतरी बदलतं: बांध, झाडांची सावली, ओढ्यावरचा साकव, मातीचा वास. पायांनाही हा बदल हवा असतो.

आधी चढांचा अंदाज. समुद्रकाठच्या वाटा समुद्रसपाटीजवळ असतात म्हणून सपाट असतील असं वाटतं, पण प्रत्येक ओढा समुद्राला मिळताना दरी कोरतो. वाट तिथे उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाभोवतीची साउथ वेस्ट कोस्ट पाथ ही पायवाट ६३० मैलांची आहे. तिच्यावरचे सगळे चढ मिळवले तर बेरीज एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळपास चौपट भरते, आणि एकही डोंगर न चढता. तेव्हा नकाशावर नुसतं अंतर मोजू नका, समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) किती वेळा ओलांडता ते मोजा. ढोबळ हिशेब असा: दर १०० मीटर चढाला साधारण ८०० मीटर ते १ किलोमीटर सपाट अंतर मिळवा. सहा किलोमीटरच्या वाटेत एकूण २०० मीटर चढ असेल, तर ती आठ किलोमीटरची धरून निघा.

चढावर चाललं तर त्यात कमीपणा नाही. तीव्र चढावर पळणं आणि भराभर चालणं यांच्या वेगात फारसा फरक उरत नाही, दम मात्र दुप्पट जातो. उतारावर पावलं आखूड टाका, नजर तीन-चार मीटर पुढे ठेवा, टाचेवर दणके देऊ नका. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या चढाने नव्हे, उताराने.

गुरं दिसली की चालायला लागा. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका, मोठा वळसा घ्या. कुत्रा अंगावर आला तर पळणं थांबवा. पळणारी गोष्ट पाठलागासाठीच असते असं त्याला वाटतं. त्याच्याकडे तोंड करून, डोळ्यांत नजर न रोखता, हळूहळू मागे सरका. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. पिकातून जवळचा रस्ता काढू नका, बांधाने जा, आणि वाट कोणाच्या मालकीच्या जागेतून असेल तर आधी विचारा. शेतावर काम करणारी माणसं बहुतेक वेळा नुसतं हो म्हणत नाहीत, पुढे कुठे चिखल आहे तेही सांगतात. ती माहिती कुठल्याही नकाशात नसते.

अरुंद गाडीरस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांना तोंड करून पळा, म्हणजे त्या तुम्हाला दिसतात. आंधळ्या वळणावर मात्र ज्या बाजूने तुम्ही लांबून दिसाल ती बाजू घ्या.

पुळणीवरून आत शिरताना वाळूच्या टेकड्यांवरची रोपटी तुडवू नका. त्यांच्या मुळांनीच ती वाळू धरून ठेवलेली असते. काही पक्षी भरतीरेषेच्या वर उघड्या वाळूतच अंडी घालतात आणि ती वाळूच्याच रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. एखादा पक्षी ओरडत भोवती घिरट्या घालू लागला, किंवा पंख मोडल्यासारखा फरफटत चालू लागला, तर घरटं जवळ आहे. लगेच खाली ओल्या पट्ट्यावर जा.

पहिले सहा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस पळत असाल, तर त्यातला एकच दिवस समुद्रकाठचा ठेवा. पहिल्या आठवड्यात वाट चालून बघा. दुसऱ्यात आतल्या वाटेने अर्धा तास, चढ चालत. तिसऱ्यात ओहोटी जुळेल तेव्हा टणक वाळूवर पंधरा मिनिटं, मग रस्त्याने परत. चौथ्यात पुन्हा आत, थोडं लांब. पाचव्यात वाळूवर पंचवीस मिनिटं, त्यातली दोन-तीन कोरड्या वाळूत, फक्त तिची ओळख व्हावी म्हणून. सहाव्यात पूर्ण वर्तुळ. ओहोटी ज्या आठवड्यात जुळेल त्याप्रमाणे क्रम खालीवर करा, आणि पोटऱ्या कुरकुरत असतील तर आठवडा पुन्हा करा.

निघताना बरोबर काय? पाणबंद पिशवीत फोन, पाण्याची बाटली, पातळ वारारोधक जाकीट, शिट्टी. डोंगरात संकटाची आंतरराष्ट्रीय खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. लाटांच्या आवाजात हाक पोचत नाही, शिट्टी पोचते. त्या किनाऱ्यावरच्या बचावपथकाचा नंबर आधीच फोनमध्ये भरून ठेवा. आणि घरी किंवा मित्राला तीन गोष्टी सांगून निघा: कुठून उतरणार, कुठून वर येणार, किती वाजेपर्यंत फोन करणार.

परत आल्यावर बूट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, आतली पट्टी काढून. घड्याळ आणि चार्जिंगची टोकंही धुऊन पुसा, मीठ धातू खातं. मग आठवण ताजी आहे तोवर एका वहीत तारीख, ओहोटीची वेळ, तिथी, वाऱ्याची दिशा आणि कोणत्या खडकापर्यंत पाणी उतरलं होतं ते लिहा. दोन-तीन महिन्यांनी त्या वहीत तुमच्या पुळणीचं असं कोष्टक तयार होतं जे कुठेही छापलेलं नाही: उधाणाला ओढ्याचं तोंड किती वाजेपर्यंत ओलांडता येतं, कोणत्या वाऱ्यात वाळू कडेपर्यंत ओली होते, आणि मोठ्या दगडाला पाणी लागलं की वरच्या वाटेला लागायला किती मिनिटं उरतात.